वाचकांचे प्रश्न: सीएच-रूटमध्ये पॅकेजचा बिल्ड का फसतो?

लिनक्सवर स्वतंत्र सीएच-रूट (चालू प्रणालीच्या आतच, वेगळी मूळ डिरेक्टरी देऊन केलेले कामाचे वातावरण) उभे करून त्यात पॅकेजे बिल्ड करताना, म्हणजे सोर्सपासून तयार करताना, येणाऱ्या अडचणींची पत्रे या वेळी इतकी आली की संपूर्ण स्तंभ त्यांनाच द्यावा लागला. पत्रे संक्षिप्त केली आहेत. एक विनंती मात्र आरंभीच करावीशी वाटते: लॉग पाठवताना शेवटच्या ओळी न पाठवता पहिली चूक जिथे दिसते तिथपासूनचा भाग पाठवावा. बहुतेक पत्रांत नेमका तोच भाग गाळलेला होता.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ प्रकल्पाच्या सूचनांनुसार बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कवर नवी प्रणाली तयार करत आहे. लॅपटॉपवर उबुंटू आहे. आदल्या रात्रीपर्यंत सर्व सुरळीत होते. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू केला, फाइल मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक केले आणि पुन्हा सीएच-रूटमध्ये शिरले, तर ‘/डेव्ह/नल’बाबत (नको असलेले निर्गत टाकून देण्याची उपकरण-फाइल) ‘परमिशन डिनाइड’ असा संदेश येऊ लागला. चाचण्यांत ‘द सिस्टिम हॅज नो मोअर पीटीवायज’ असे दिसले आणि पुढच्या पॅकेजचे कन्फिगर (बिल्डपूर्वी यंत्र तपासणारी स्क्रिप्ट) ‘सी कंपाइलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्यूटेबल्स’ म्हणून थांबले. ‘कॉन्फिग.लॉग’च्या शेवटच्या ओळी जोडल्या आहेत. कंपाइलर पुन्हा पहिल्यापासून बिल्ड करावा का?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : कंपाइलरला हात लावू नये. तो रात्रीतून बिघडलेला नाही. बदलले आहे ते त्याच्याभोवतीचे वातावरण.

१९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आलेली सीएच-रूट ही सुविधा फार थोडे काम करते: एखाद्या प्रक्रियेसाठी मूळ डिरेक्टरी कोणती, एवढेच ती बदलते. कर्नल (प्रणालीचा गाभा) यजमान, म्हणजे बाहेरच्या, प्रणालीचाच राहतो, मेमरी तीच, घड्याळ तेच आणि डिस्क कोणत्या अटींवर माउंट झाली, म्हणजे प्रणालीला जोडली गेली, आहे, त्या अटीही त्याच. वाड्यात भाड्याने घेतलेल्या खोलीला स्वतःचे दार आणि कुलूप असते, पण पाणी आणि वीज मालकाच्याच जोडणीवरून येते, तसा हा प्रकार आहे. म्हणून सीएच-रूटमध्ये काही अचानक मोडले, तर आतल्या पॅकेजांआधी ही जोडणी तपासावी.

आपल्या बाबतीत ती दोन ठिकाणी तुटली आहे. पहिली गोष्ट म्हणजे ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’ आणि ‘/रन’ या आभासी फाइलप्रणाली डिस्कवर साठवल्या जात नाहीत; यंत्र बंद होताच त्यांची माउंट नाहीशी होतात आणि प्रत्येक वेळी सीएच-रूटमध्ये शिरण्यापूर्वी ती पुन्हा करावी लागतात. दुसरी गोष्ट आपण सहज लिहून गेला आहात, पण खरी मेख तीच आहे: फाइल मॅनेजरमध्ये क्लिक करून डिस्क माउंट केली की डेस्कटॉप सुरक्षेसाठी तिला ‘नोडेव्ह’ आणि ‘नोसुइड’ हे पर्याय लावतो. ‘नोडेव्ह’ लागले की त्या डिस्कवरील उपकरण-फाइली नावापुरत्याच उरतात. सूचनांच्या जुन्या आवृत्त्यांत ‘मेकनोड’ आज्ञेने ‘/डेव्ह/नल’ डिस्कवरच तयार करून ठेवण्याची पायरी होती. आपण ती केली असेल, तर आता यजमानाचे ‘/डेव्ह’ वर बसलेले नसल्यामुळे डिस्कवरची तीच जुनी फाइल वापरली जात आहे आणि ‘नोडेव्ह’मुळे ती उघडण्यास कर्नल नकार देत आहे. ‘फाइंडमाउंट’ ही आज्ञा त्या डिस्कचे सर्व पर्याय दाखवते. तिथे याची खात्री करावी आणि डिस्क काढून टर्मिनलवरून ‘माउंट’ आज्ञेने स्वतः ठरवलेल्या जागी जोडावी.

याच्या उलटही घडते. ‘/डेव्ह’ रिकामे असताना रूट म्हणून एखादी आज्ञा चालवली आणि तिचे निर्गत ‘/डेव्ह/नल’कडे वळवले, तर त्या नावाची साधी फाइल तयार होते आणि पुढे निमूटपणे फुगत जाते. ‘एलएस’च्या लांब यादीत ओळीचे पहिले अक्षर ‘सी’ नसून आडवी रेघ असेल, तर ती साधी फाइल आहे असे समजून काढून टाकावी.

पीटीवाय म्हणजे आभासी टर्मिनल. त्याविषयीच्या संदेशाचे कारण ‘/डेव्ह/पीटीएस’ हे आहे. ‘बाइंड’ या (एक डिरेक्टरी दुसऱ्या जागीही दाखवणाऱ्या) माउंट-पर्यायाने ‘/डेव्ह’ आत आणले तरी येते ती तेवढी एकच फाइलप्रणाली. तिच्या पोटात माउंट केलेल्या ‘पीटीएस’ आणि ‘एसएचएम’ (सामायिक मेमरी) आपोआप येत नाहीत. त्या वेगळ्या माउंट कराव्यात. ‘पीटीएस’ नसेल तर आभासी टर्मिनल मागणाऱ्या चाचण्या पडतात. ‘एसएचएम’ नीट नसेल तर पायथनमधील सेमाफोर (प्रक्रियांचा ताळमेळ राखणाऱ्या खुणा) तयार होत नाहीत आणि दोष पायथनच्या बिल्डमध्ये असल्याचा भास होतो.

आता कंपाइलरविषयी. कन्फिगर स्क्रिप्ट आपल्या असंख्य छोट्या चाचण्यांचे निर्गत ‘/डेव्ह/नल’कडे पाठवत असते, त्यामुळे आपली तिसरी तक्रार बहुधा पहिलीचाच परिणाम असावी. तरीही ती उरलीच, तर ‘कॉन्फिग.लॉग’ पाहावा, मात्र शेवटून नव्हे. त्या फाइलच्या शेवटी चलांच्या किमतींची लांब यादी आणि ‘एक्झिट ७७’ एवढेच असते, आणि आपण जोडलेल्या ओळीही त्याच आहेत. ‘व्हेदर द सी कंपाइलर वर्क्स’ हे शब्द शोधून त्यांच्या लगेच खालच्या ओळी वाचाव्यात. तिथे ‘/टीएमपी’मध्ये तात्पुरती फाइल तयार करता आली नाही असे असेल, तर त्या डिरेक्टरीच्या परवानग्या १७७७ आहेत का ते पाहावे, ‘सीआरटी१.ओ’ सापडत नाही असे असेल, तर ग्लिबसीची (सी भाषेच्या मूळ लायब्ररीची) स्थापना अपुरी आहे. आणि अनोळखी पर्यायाविषयी तक्रार असेल, तर यजमानाच्या शेलमधून ‘सीफ्लॅग्ज’सारखे (कंपाइलरचे पर्याय ठरवणारे) एखादे चल सोबत आले आहे. पर्यावरण कोरे करूनच सीएच-रूटमध्ये शिरावे, अशी सूचना असते ती यासाठीच.

‘कॅनॉट क्रिएट’ आणि ‘कॅनॉट रन’ हे दोन संदेश एकच समजू नयेत. पहिल्यात प्रोग्राम तयारच झालेला नसतो. दुसऱ्यात तो तयार झालेला असतो, पण चालत नाही, आणि मग संशय ‘नोएक्झेक’ (डिस्कवरील प्रोग्राम चालू न देणाऱ्या) पर्यायावर, चुकीच्या प्रोसेसर-प्रकारावर किंवा डायनॅमिक लोडरवर (प्रोग्रामला लायब्ऱ्या जोडून देणाऱ्या भागावर) घ्यावा लागतो. लोडरचा प्रकार विशेष फसवा आहे: फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश येतो, कारण सापडत नसते ती आपली फाइल नव्हे, तर तिने मागितलेला ‘/लिब६४’मधील लोडर. ‘रीडएल्फ’ आज्ञेने प्रोग्रामचे शीर्षक वाचले, की तो कोणता लोडर मागतो हे लगेच कळते.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील अंतर्गत साधनाचे डेबियन पॅकेज माझ्या यंत्रावर विनातक्रार बिल्ड होते. पीबिल्डरमध्ये (कोऱ्या सीएच-रूटमध्ये पॅकेज बिल्ड करणारे साधन) मात्र ते प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने फसते: कधी कन्फिगरमध्ये ‘सिन्टॅक्स एरर’, कधी हेडर फाइल सापडत नाही, तर कधी पायथनचे मोड्यूल डाउनलोड होत नाही. आत नेटवर्क सुरू केले की शेवटची अडचण सुटते. ते कायमचे सुरू ठेवण्यास हरकत आहे का? शिवाय फसल्यावर सीएच-रूट लगेच पुसला जातो, त्यामुळे आत डोकावताही येत नाही.
— एक सॉफ्टवेअर अभियंता, बाणेर

उत्तर : हरकत आहे, आणि मोठी आहे. पीबिल्डर किंवा त्याच्यासारखेच साधन असलेले एसबिल्ड नेटवर्क बंद ठेवतात ती त्यांची उणीव नव्हे. डेबियनच्या धोरणानुसार मुख्य विभागातील पॅकेजांनी बिल्ड होताना बाहेरच्या नेटवर्कशी संपर्क साधायचा नसतो. आपले पॅकेज तिथे जाणार नसेल, तरी या नियमामागचे कारण आपल्यालाही लागू आहे: आज डाउनलोड झालेले मोड्यूल सहा महिन्यांनी त्याच आवृत्तीत मिळेल याची हमी नाही, आणि मग जुने पॅकेज पुन्हा बिल्ड करण्याची वेळ येते तेव्हा कोणालाच काही सांगता येत नाही. ते मोड्यूल डेबियनमध्ये पॅकेजच्या रूपात असेल तर बिल्ड-डिपेन्ड्समध्ये, म्हणजे बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, त्याचे नाव घालावे. नसेल तर त्याचा सोर्स आपल्या सोर्ससोबत ठेवावा.

खरे तर आपल्या तीनही तक्रारींचे मूळ एकच आहे. आपल्या यंत्रावर गेल्या काही वर्षांत कशाकशासाठी बसवलेली शेकडो पॅकेजे आहेत आणि त्यांतील काहींवर आपला बिल्ड नकळत विसंबून आहे. कोऱ्या सीएच-रूटमध्ये ‘बिल्ड-इसेन्शियल’ (बिल्डची मूलभूत साधने) आणि आपण जाहीर केलेल्या डिपेन्डन्सी यांखेरीज काहीही गृहीत धरता येत नाही. त्यामुळे तिथे होणारा बिघाड ही आपल्या कंट्रोल फाइलविषयीची (जिच्यात ही यादी असते) खरी माहिती आहे, आणि ती दडपण्यासाठी सीएच-रूटमध्ये हाताने पॅकेजे बसवणे हा सर्वांत वाईट उपाय ठरतो.

कन्फिगरमधील ‘सिन्टॅक्स एरर’ पाहून अनेक जण कन्फिगरच्या त्या ओळीत दोष शोधत बसतात. त्या ओळीवर ‘पीकेजी चेक मोड्यूल्स’ हे शब्द जसेच्या तसे दिसत असतील, तर पीकेजी-कॉन्फिग बसवलेले नाही एवढाच त्याचा अर्थ. हा मॅक्रो ऑटोकॉन्फच्या, म्हणजे कन्फिगर तयार होण्याच्या, वेळी उलगडला जायला हवा होता. त्याची व्याख्याच न मिळाल्यामुळे तो तसाच शेलसमोर गेला आणि शेल गोंधळला. हेडर फाइलसाठी ‘एपीटी-फाइल’ने शोध घ्यावा, जे ‘डेव्ह’ (विकासासाठीचे) पॅकेज ती फाइल पुरवते त्याचे नाव मिळते.

आत डोकावण्याची सोय पीबिल्डरमध्ये आहे. हुक-डिरेक्टरीत ‘सी’ या अक्षराने सुरू होणाऱ्या नावाची स्क्रिप्ट ठेवली, की बिल्ड फसल्यावर आणि साफसफाईपूर्वी ती चालवली जाते. तिच्यातून शेल उघडावा. याचा नमुना पीबिल्डरच्या दस्तऐवजांसोबत येतो. एसबिल्डमध्येही बिल्ड फसल्यावर शेल उघडण्याचा पर्याय आहे. आत गेल्यावर ‘होम’ चलाची किंमतही पाहावी. पीबिल्डर ते मुद्दाम ‘/नॉनएक्झिस्टंट’ या अस्तित्वात नसलेल्या डिरेक्टरीकडे वळवतो, म्हणून घरच्या डिरेक्टरीत कॅशे लिहू पाहणाऱ्या चाचण्या पडतात. अशा चाचण्यांसाठी बिल्ड-डिरेक्टरीतच तात्पुरते घर करून द्यावे.

प्रश्न : पुस्तकविक्रेत्यांसाठी मी जावामध्ये हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहिले आहे. त्यात महिन्यांची आणि विषयांची नावे देवनागरीत थेट सोर्समध्येच आहेत. सीएच-रूटमध्ये कंपाइल करताना ‘अनमॅपेबल कॅरेक्टर’ अशा शेकडो चुका येतात. बाहेर एकही येत नाही.
— एक वाचक, अप्पा बळवंत चौक

उत्तर : सोर्समध्ये दोष नाही. कोऱ्या सीएच-रूटमध्ये लोकेल (भाषा आणि संकेतनाची निवड) ‘सी’ असते आणि त्या लोकेलमध्ये जावाच्या जुन्या आवृत्त्या सोर्स फाइल आस्की आहे असे धरून चालतात. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि त्यांतील पहिला नेहमी षोडशमान ई० असतो. आस्की ७एफच्या पुढे जातच नाही. आपल्या संदेशांत कंसात ‘०एक्सई०’ पुनःपुन्हा दिसत असेल, ते यामुळेच. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, मूळ संकेतन यूटीएफ-८ ठरले असल्यामुळे नव्या आवृत्तीवर हा प्रश्न येत नाही. तरीही आवृत्तीवर किंवा लोकेलवर न विसंबता बिल्डच्या आज्ञेतच संकेतन यूटीएफ-८ असल्याचे स्पष्ट लिहावे. इतर साधनांसाठी ‘एलसी ऑल’ला ‘सी.यूटीएफ-८’ ही किंमत द्यावी; तिच्यासाठी वेगळे लोकेल तयार करावे लागत नाही.

मराठी मजकूर असलेल्या प्रत्येक प्रकल्पाचा बिल्ड एकदा तरी ‘सी’ लोकेलमध्ये करून पाहावा, असे मला वाटते. इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या लक्षातही न येणाऱ्या चुका तिथे पहिल्या मिनिटात बाहेर पडतात.

प्रश्न : आमच्या लघुउद्योगातील उपकरणात एआरएम प्रोसेसर आहे. त्याची पॅकेजे इंटेलच्या लॅपटॉपवर एआरएमच्या सीएच-रूटमध्ये बिल्ड करतो. नवीन लॅपटॉपवर आत शिरतानाच ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येतो. जुन्या संगणकावर शिरता येते, पण मोठे पॅकेज मध्येच ‘किल्ड’ म्हणून थांबते. त्यातच गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि तेव्हापासून लिंकर (कंपाइल झालेले भाग जोडणारा प्रोग्राम) एका ऑब्जेक्ट फाइलला ‘फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड’ म्हणत आहे.
— एक उद्योजक, भोसरी

उत्तर : या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतील एकीचाही पॅकेजशी संबंध नाही.

इंटेलचा कर्नल एआरएमचा प्रोग्राम स्वतः चालवू शकत नाही. जुन्या संगणकावर ते काम क्यूईएमयू हे दुसऱ्या प्रोसेसरचे अनुकरण करणारे साधन करत होते आणि कोणती फाइल त्याच्याकडे सोपवायची, ही नोंद कर्नलच्या ‘बिनएफएमटी-मिस्क’ सुविधेत होती. नव्या लॅपटॉपवर ‘क्यूईएमयू-यूझर-स्टॅटिक’ बसवून ‘/प्रॉक/सिस/एफएस/बिनएफएमटी-मिस्क’ खाली एआरएमची नोंद दिसते का ते पाहावे. त्या नोंदीत ‘एफ’ हे चिन्ह असेल, तर कर्नल क्यूईएमयूचा प्रोग्राम नोंदणीच्या वेळीच उघडून ठेवतो आणि त्याची प्रत सीएच-रूटमध्ये ठेवावी लागत नाही. नसेल तर ठेवावी लागते, अन्यथा पुन्हा ‘नो सच फाइल’चा चकवा. अनुकरणाखाली काही चाचण्या, विशेषतः थ्रेड आणि वेळेशी निगडित, प्रत्यक्ष उपकरणावर यशस्वी होत असूनही पडतात. त्यांच्यावर दिवस घालवण्यापेक्षा त्या उपकरणावरच चालवून पाहाव्यात.

‘किल्ड’ हा शब्द कंपाइलरचा नाही. मेमरी संपल्यावर कर्नल एखादी प्रक्रिया मारतो; यजमानावर ‘डीमेसेज’ आज्ञा चालवली की ‘आउट ऑफ मेमरी’ ही ओळ सापडेल. मेक (बिल्ड चालवणारा प्रोग्राम) जितक्या फाइली समांतर कंपाइल करतो तितक्या कंपाइलरांना एकाच वेळी मेमरी लागते आणि सी प्लस प्लसच्या मोठ्या फाइलीला एखादा जीबी सहज लागतो. म्हणून समांतर कामांची संख्या प्रोसेसरच्या गाभ्यांवरून न ठरवता मेमरीवरून ठरवावी. बिल्ड-डिरेक्टरी ‘टीएमपीएफएस’वर (मेमरीतच राहणाऱ्या फाइलप्रणालीवर) असेल तर तीही मेमरीच खाते, तिची कमाल मर्यादा, वेगळी न सांगितल्यास, एकूण मेमरीच्या निम्मी असते. डिस्कवर भरपूर जागा असताना ‘नो स्पेस लेफ्ट’ येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. समांतर काम एकवर आणण्याचा आणखी एक लाभ असा की लॉगमध्ये अनेक फाइलींचे संदेश एकमेकांत मिसळत नाहीत आणि पहिली चूक शोधणे सोपे जाते.

वीज गेली तेव्हा ती ऑब्जेक्ट फाइल अर्धवट किंवा शून्य बाइटची राहिली असणार. मेक केवळ वेळ पाहतो. फाइल सोर्सपेक्षा नवी आहे एवढ्यावरून तो तिला पूर्ण समजतो आणि पुन्हा कधीच तयार करत नाही. अशी एकच फाइल पुसून पुढे जाण्याचा मोह टाळावा, कारण अर्धवट राहिलेल्या इतर फाइली कोणत्या हे सांगता येणार नाही. सोर्स नव्याने उलगडून पहिल्यापासून सुरुवात करावी.

प्रश्न : पंचवीस वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले सी भाषेतील प्रोग्राम माझ्या संगणकावर आजही कंपाइल होतात. नातवाने तयार करून दिलेल्या डेबियनच्या नव्या आवृत्तीच्या सीएच-रूटमध्ये मात्र एकही होत नाही. सीएच-रूट सदोष आहे का?
— एक निवृत्त प्राध्यापक, एरंडवणे

उत्तर : नाही, सर, त्यातील जीसीसी हे सी कंपाइलर आपल्या संगणकावरील जीसीसीपेक्षा नवे आणि अधिक कडक आहे. २०२० च्या जीसीसी १० पासून एकच सार्वत्रिक चल दोन फाइलींत मांडले तर लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणतो. २०२४ च्या जीसीसी १४ पासून, जाहीर न केलेले फंक्शन वापरणे ही केवळ सूचना न राहता चूक ठरली. २०२५ च्या जीसीसी १५ ने सी-२३ हे प्रमाण मूळ म्हणून स्वीकारले, त्यामुळे फंक्शनचे रिकामे कंस म्हणजे ‘एकही आर्ग्युमेंट नाही’ असा अर्थ झाला आणि ‘बूल’ हा राखीव शब्द बनला. तूर्त ‘जीएनयू१७’ हे प्रमाण निवडण्याचा पर्याय देऊन यांतील शेवटचा भाग सुटेल. जाहीर न केलेल्या फंक्शनांसाठी मात्र हेडर फाइली जोडणेच इष्ट, कारण जुना कंपाइलर ज्यावर गप्प बसत होता त्यातील काही चुका ६४-बिट यंत्रावर पॉइंटर कापून टाकणाऱ्या, म्हणजे खऱ्याच, असतात.

प्रश्न : काम झालेले जुने सीएच-रूट ‘आरएम’ने सरळ पुसून चालेल ना?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : माउंट उतरवल्याशिवाय मुळीच नाही. आत ‘बाइंड’ केलेली डिरेक्टरी ही प्रत नसते, यजमानाची मूळ डिरेक्टरीच असते. ‘/होम’ आत आणलेले असेल तर आपलेच काम पुसले जाईल. आधी ‘फाइंडमाउंट’ने त्या मार्गाखाली काय काय जोडलेले आहे ते पाहावे, मग एकेक उतरवावे आणि यादी रिकामी झाल्याची खात्री झाल्यावरच पुसावे. ‘आरएम’ला ‘वन-फाइल-सिस्टिम’ हा पर्याय जरूर द्यावा, पण त्यावर विसंबू नये: ‘/होम’ आणि सीएच-रूट एकाच विभाजनावर असतील, तर तो पर्याय दोघांत भेद करू शकत नाही. ‘आरबाइंड’ (पोटातील माउंटांसह बाइंड) वापरले असल्यास माउंट करतानाच त्याला ‘आरस्लेव्ह’ (आतील बदल यजमानापर्यंत न पोहोचणारे) करून ठेवावे, नाहीतर आतली ‘पीटीएस’ उतरवताना यजमानाचीही उतरते आणि नवे टर्मिनल उघडेनासे होते. वारंवार बिल्ड करणाऱ्यांनी हा उद्योग हाताने करू नये. पीबिल्डर मूळ सीएच-रूट दाबलेल्या टार फाइलीत ठेवतो, प्रत्येक बिल्डसाठी तो नव्याने उलगडतो आणि काम झाल्यावर माउंट उतरवून स्वतःच पुसतो.